भैरवकोटचा अरब कारभारी

उगवतीला तांबडे फुटले तेव्हा भैरवकोटाखालचे सारे खोरे सुभेदार हैबतखानाच्या तंबूंनी भरून गेलेले दिसू लागले, आणि गडाच्या महाद्वाराच्या पायऱ्यांवर, अभयवचन घेऊन वर आलेल्या त्याच्या वकिलाचे प्रेत पडले होते.

मारेकरी सूर्यास्तापूर्वी हवाली करा, नाहीतर गडावर जीव ठेवणार नाही, असा खानाचा निरोप आला. दरबार भरला. राजे उदाजीरावांचे सख्खे मामा, सरनौबत रंभाजीराव, यांनी सांगितले की द्वारावरच्या अरब पहारेकऱ्यांनीच वकिलाला लुटून कापले. परमुलखाची माणसे ती, देऊन टाकावीत. सरदारांनी माना डोलावल्या.

कारभारी सालम बिन अवद हे ऐकत होता. अरबस्तानातल्या हद्रमौतच्या उजाड किनाऱ्यावरून गलबतात बसून आलेला हा शिपाई ऐन तारुण्यात याच द्वारावर भाला घेऊन उभा असे. थोरल्या महाराजांनी त्याची पारख केली, त्याला पहाऱ्याचा जमादार केले आणि पुढे कारभाराची वस्त्रे दिली. खरे काय ते पहारेकऱ्यांनी त्याला पहाटेच सांगितले होते. वार सरनौबतांच्या हुजऱ्यांनी केला होता. गड खानाच्या घशात घालण्याचे रंभाजीरावांचे आतून संधान होते. पण खानाने थेट राजांशीच तह करायचे ठरवले, आणि वकील आपले बिंग फोडील या धास्तीने त्यांनी त्याचा काटा काढला.

सालमने हे सारे भर दरबारात सांगितले. कोणी चकित झाले नाही. सगळ्यांना ठाऊक होते, हे तेव्हा कुठे त्याला उमगले, आणि त्याला शिसारी आली.

"मामासाहेबांना द्यावे, महाराज," तो म्हणाला.

राजांनी मान वर केली नाही. "ते आमचे आहेत, सालम."

सालम निःशस्त्र, एकटा गड उतरला आणि खानापुढे उभा राहिला. रंभाजीचे संधान खानाला ठाऊकच होते, त्यामुळे खरा मारेकरी कोण हे पटवावे लागले नाही. उलट तो म्हणाला, "दार तूच उघड. मनसब देतो. ज्यांनी तुझी माणसे माझ्यापुढे टाकली, त्यांच्यासाठी का मरतोस?"

"त्यांची मला किळस येते, खानसाहेब. पण गडावर ते एकटेच राहत नाहीत."

 खानाने खरा मारेकरी मिळाल्यास वेढा उठवण्याचे वचन दिले.

परतलेल्या सालमवर रंभाजीरावांच्या हुजऱ्यांनी दरबारातच तलवारी उपसल्या. रिकाम्या हातांनी तो त्या पात्यांमधून चालत गेला, आणि नजरेला नजर देणाऱ्या माणसावर वार करण्याची त्यांच्यातल्या एकाचीही छाती झाली नाही. रंभाजीरावांचे हात त्याने त्यांच्याच शेल्याने बांधले. राजे पाहत राहिले.

सूर्यास्तापूर्वी रंभाजीराव खानाच्या हवाली झाले आणि वेढा उठला. माना डोलावणारे तेच सरदार आता सालमला आलिंगन देऊ लागले. मामासाहेबांचा आम्हाला आधीपासूनच संशय होता, म्हणू लागले. राजांनी मानाचा पोशाख दिला. घरी येऊन सालमने तो अंगावरून काढला आणि घासूनघासून आंघोळ केली.

पहाऱ्याचा नाईक फरज म्हणाला, "जमादार, चला आपल्या मुलखी. इथे आता काय उरलंय?"

"माझ्याही मनात तेच आहे," सालम म्हणाला. "पण मी उठलो, तर त्या जागेवर यांच्यातलाच कुणीतरी बसेल."

आणि तो दरबाराला निघाला.