फाट्यावरची पिशवी

आधीच सांगते, ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. खोटी वाटली तर खुशाल खोटी समजा. कुणी ती खोटी ठरवून दाखवली तर मला हवंच आहे.

माझं नाव धम्मदीपा. आमच्या घरात भुतंखेतं, अंगात येणं, उतारा, यातलं काही म्हणजे काही मानत नाहीत. आईनेच मला तसं वाढवलं.

९ जानेवारी २०२४, मंगळवार. सकाळचे पावणेसात. मुळशीतला चांदे ते महाळुंगे रस्ता.

अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. लोकांची डबे घेऊन कामाला जायची वेळ होती.

या रस्त्यावर माझ्या मामाची मिनीबस चालते. जनार्दन मामा. मी महाळुंग्याच्या एका सोसायटीत पाळणाघर सांभाळते, म्हणून रोज त्याच्याच गाडीने जायचे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून. आई गेल्यावर मामानेच मला चांद्याला आपल्या घरी आणलं होतं. त्याच्यापेक्षा जवळचं मला कोणीच उरलं नव्हतं.

चांदे सोडलं की नांद्याच्या अलीकडे आमच्या वस्तीचा फाटा लागतो. वस्ती वर डोंगराच्या कडेला, वीस मिनिटं चालत. तिथे फोनला रेंज नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. ज्याला गाडी पकडायची आहे आणि चालायला वेळ लागणार आहे, त्याने आपली पिशवी आधी निघालेल्या माणसाकडे द्यायची. तो माणूस ती फाट्यावरच्या करंजाच्या झाडाला, खिळ्यावर अडकवतो आणि आपल्या वाटेने जातो.

पिशवी दिसली की गाडी थांबते. माणूस येईपर्यंत थांबते. कोणी कुरकुर करत नाही.

आणि पिशवी दिसत असताना गाडी पुढे काढणाऱ्या ड्रायव्हरला या रस्त्यावर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

माझी आई, केशरबाई, त्याच झाडाखाली गेली. १८ नोव्हेंबर २०२२ ला.

मी तेव्हा पुण्यात होस्टेलला होते. पहाटे आईला छातीत जड वाटायला लागलं. दवाखान्यात जायचं म्हणून तिने पिशवी भरली आणि तानुबाईकडे दिली. तानुबाई वरच्या कातकरी पाड्यातली, रोज पहाटे मोळी घेऊन नांद्याला उतरते. आई म्हणाली, ‘तू हो पुढं, मी येते सावकाश.’

नऊ वाजता आई झाडाला टेकून बसलेली सापडली. अंग गार पडलं होतं. समोरून कंपन्यांच्या गाड्या सुसाट जात होत्या. रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडे कोण बघतंय?

त्या सकाळी दोन मिनीबस तिथून गेल्या होत्या. पावणेसातला मामाची, सातला चंद्रकांतची. चंद्रकांत म्हणाला, खिळ्यावर पिशवी नव्हती. मामाही तेच म्हणाला.

तानुबाई म्हणत होती, "ह्या हातानं टांगली मी."

पण पिशवी कुठेच सापडली नाही. आईच्या जलदान विधीला मामा सगळ्यांसमोर रडत म्हणाला, "इसरली असंल तानुबाई. न्हाईतर ठेवून घेतली असंल. पिशवी दिसती तर मी माझ्या अक्काला टाकून गेलो असतो व्हय?"

मीही तानुबाईला वाट्टेल ते बोलले. चोर म्हणाले. तुझ्यामुळे माझी आई गेली, म्हणाले. ती म्हातारी जेवणाच्या पानावरून उठून गेली.

मला तेव्हा जराही वाईट वाटलं नव्हतं.

तर, ९ जानेवारी...

धुकं होतं. गाडीत सात-आठ माणसं. फाटा जवळ आला आणि मामाने एकदम वेग वाढवला.

मागून प्रदीप, आमच्या गाडीतला रोजचा प्रवासी, ओरडला, "ओ जनाभाऊ! पिशवी हाय की!"

मी पाहिलं. खिळ्यावर पिशवी होती.

पिवळी. कापडी. आईची होती तसली.

मामा पुढे बघत राहिला. "जुनी हाय कुणाची तरी. पडून असती."

दिवसभर मला पाळणाघरात काही सुचलं नाही. संध्याकाळी परत येताना पाहिलं, तर खिळा मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा तिथेच.

मामाने पुन्हा गाडी दामटली. पण या वेळी मी डोळे लावूनच बसले होते. पिशवीच्या एका बंदाला हिरवं ठिगळ होतं. माझ्या शाळेच्या पेटीकोटचं. आईने माझ्यासमोर बसून ते शिवलं होतं.

घरी मी मामाला काहीच बोलले नाही. मनाला समजावत राहिले, पिवळ्या पिशव्या काय कमी असतात का.

तिसऱ्या दिवशी, ११ तारखेला, गाडी फाट्यावर आली आणि बंद पडली.

आचका नाही, धूर नाही. इंजिन नुसतं गप्प झालं.

मामा किल्ली फिरवत होता. एकदा... दोनदा... काहीच नाही.

बाहेर रस्ताही मोकळा होता. त्या रस्त्यावर सकाळी कधी गाड्या नसतात का? त्या दिवशी एकही नव्हती. पाखरूही ओरडत नव्हतं.

मग वस्तीच्या वाटेवरून आवाज आला.

सरक... सरक...

खडीवर चपला ओढत कोणीतरी येत होतं. अजिबात घाई नाही. चार पावलं, मग थांबणं. मग पुन्हा चार पावलं.

दम लागलेल्या माणसासारखं.

धुक्यात कोणी दिसत नव्हतं. प्रदीपच्या हातातला मोबाईल तसाच हवेत राहिला होता.

पावलं दाराशी आली...

आणि गाडी त्या बाजूला किंचित कलली. पायरीवर कोणी चढलं की कलते, तेवढीच.

मिश्रीचा वास आला. आई लावायची तीच.

मग दांडीवर वाजलं. टक... टक.

आई गाडीत चढली की बोटातल्या अंगठीने दांडीवर दोनदा वाजवायची. म्हणजे, चढले रे, चल.

मामाच्या तोंडून सवयीने शब्द निघाला.

"बस, अक्का."

आणि मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो.

मी ओरडले, "मामा, ती पिशवी आईचीच आहे ना? तू ओळखलीस ना?"

"न्हाई!" तो माझ्यावर खेकसला. "ती कशी असंल? ती तर मी चुलीत घातली!"



मला आधी अर्थच लागेना. मग लागला.

"कधी घातलीस?"

त्याने पुन्हा किल्ली फिरवली.

"मामा, कधी?"

तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बोलायला लागला. "कंपनीच्या बाया उचलायच्या व्हत्या नांद्यातनं. दोनदा उशीर झालता, तिसऱ्यांदा काम जाणार व्हतं. गाडी रिकामीच व्हती. खाली उतरलो, पिशवी काढली, सीटाखाली टाकली. मागनं चंद्रकांत येनार. त्यानं बघितली असती तर साऱ्या रूटवर झालं असतं, जनानं पिशवी सोडली म्हणून."

"म्हणजे पिशवी तशीच ठेवली असतीस तर चंद्रकांतकाका थांबले असते."

"मला काय ठावं गं, दीपे, तिच्या छातीत दुखतंय! वाटलं, बाजारला निघाली असंल. जाईल नऊच्या गाडीनं."

"पण तिची आहे हे कळलं होतं तुला."

तेव्हा त्याने जे सांगितलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"म्हणून तर काढली. परक्याची असती तर थांबलो असतो. म्हटलं, अक्काच हाय. अक्का काय बोलायची न्हाई."

मी दार ढकलून उतरले. झाडापर्यंत पळत गेले.

खिळ्यावर काही नव्हतं. हिरवा दोरा तेवढा लोंबत होता, वीतभर. मी हात लावला...

तो ओला होता. आणि कोमट होता.

मागे मामाची गाडी आपोआप सुरू झाली.

त्याच दिवशी मी मामाचं घर सोडलं. वर्षाहून जास्त त्याने मला दोन्ही वेळा जेवू घातलं, ताप आला तेव्हा उशाशी बसला. त्यातलं काय खरं होतं आणि काय झाकण्यासाठी होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.

वस्तीवरचं आईचं घर उघडलं आणि पाड्यावर गेले. तानुबाई दारात मोळी बांधत होती. मी तिचे पाय धरले. तिने ते मागे घेतले.

"ह्या हातानं टांगली व्हती," ती एवढंच म्हणाली. बराच वेळ ती दोर आवळत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी लई हळू चालत व्हती ती. म्या म्हणलं, केशरबाई, उचल पाय, गाडी जाईल. तर हसली. म्हणली, घाई कशाला? माझा जना थांबतो."

मी तिथेच रडत बसले.

"आजून तसंच म्हणती," तानुबाई म्हणाली.

"काय?"

"सकाळी उतरताना भेटती मला. अर्ध्या वाटंवर. दगडावर बसल्याली असती. म्या आता कुणाचीबी पिशवी नेत न्हाई, पर ती देती. आन् हसून तेच म्हणती."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मोळी डोक्यावर घेऊन निघून गेली.

आता मी चंद्रकांतकाकांच्या सातच्या गाडीने जाते. मामाच्या गाडीत या रस्त्यावरचं कोणी बसत नाही. तरी तो रोज पावणेसातला फाट्यावर येतो. इंजिन बंद करतो, दार उघडं ठेवतो, आणि रिकामी गाडी घेऊन थांबून राहतो. मला बघितलं की मान खाली घालतो.

मला त्याची दया येत नाही. थांबायचं होतं तेव्हा थांबायचं होतं.

पण रोज सकाळी वस्तीवरून खाली उतरताना माझे पाय अर्ध्या वाटेवर जड होतात. तिथे एक मोठा दगड आहे. मी मान वर न करता, झपाझप त्याच्यापुढून निघून जाते.

आजवर मला तिथे कोणी दिसलेलं नाही. मिश्रीचा वास मात्र दोनदा आला.

भूत म्हणून मला तिची भीती वाटत नाही हो, ती माझी आई आहे. भीती दुसरीच आहे. तिला अजून काहीच माहीत नाही. एखाद्या सकाळी ती त्या दगडावर बसलेली दिसेल, माझ्याकडे बघून हसेल आणि विचारेल, "दीपे, थांबलाय ना गं जना?"

तर मी तिला काय सांगू?