घड्याळाखालची कातडी

कसब्यातल्या मुक्ता दरेकर खासगी तपास करतात आणि माधवराव त्यांच्या मागून चालतात, पायांनीही, डोक्यानेही. त्या शनिवारी दोघं येरवड्याला तनुजा वानखडेच्या फ्लॅटवर पोचले.

अमरावतीहून नोकरीसाठी आलेली ही मुलगी एकटीच राहायची. तिने बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर काळपट, चौकोनी डाग. केस काढायचं प्रकाशाचं यंत्र तिने दीड महिन्यापूर्वी मागवलं होतं. ते वापरल्यावर लावायच्या क्रीममध्ये कामवाल्या मालनबाईंनीच काहीतरी कालवलं, असा तिचा संशय. सुट्टी नाकारली म्हणून त्या रागावल्या होत्या. सोसायटीत तक्रार गेली असती, तर बाईंची चारही घरची कामं सुटली असती.

"दुसरी किल्ली बाईंकडे, रागही बाईंचा. झालं की!" माधवराव म्हणाले.

"आपण बसा. बसायला डोकं लागत नाही."

मुक्ताबाईंनी विचारपूस केली. यंत्र कधी? दर शनिवारी. यंत्र आणि क्रीम पायांनाही? हो, पण पाय स्वच्छ होते. यंत्र फिरवताना घड्याळ? काढून ठेवायची. पट्ट्याखालची गोरी कातडीही स्वच्छ होती. खोक्यातलं माहितीपत्रक अजून प्लास्टिकमध्ये बंद होतं.

मग मालनबाई आल्या. क्रीमला आपण हात लावला नाही, एवढंच त्या म्हणाल्या. तनुजा रविवारी काय करते, असं मुक्ताबाईंनी विचारल्यावर त्यांनी सांगितलं,

"घर खायला उठतं त्यांना. दिवसभर टेकडीवर बसत्यात, एकल्याच."

हे कुणाला ठाऊक असेल असं तनुजाला वाटलं नव्हतं. तिने मान खाली घातली.

"क्रीम दोषी असतं तर पायही डागाळले असते," मुक्ताबाई म्हणाल्या. "घड्याळाखालची जागाही. क्रीम तेच, यंत्र तेच. फरक उन्हाचा; पाय आणि पट्ट्याखालची जागा झाकलेली, हात उघडे. हा प्रकाश काळा रंग शोधतो. केसातला, तसाच रापलेल्या कातडीतला. शनिवारी यंत्र, रविवारी ऊन, पुन्हा शनिवारी यंत्र. रापलेपण उतरेपर्यंत थांबायचं, आधी एका कोपऱ्यावर करून बघायचं, नंतर ऊन टाळायचं. सगळं त्या बंद कागदात असतं. आता यंत्र बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा."

मालनबाईंनी कमरेची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली.

"कातडीच्या डागाला औषध हाय, ताई. मला एकदा इचारायला पायजे व्हतं."

"चुकलं माझं," तनुजा म्हणाली. "उद्या रविवार. चहाला याल?"

बाईंनी पदर सारखा केला, चपला घातल्या आणि हळूच दार ओढून घेतलं. किल्ली टेबलावरच राहिली.