भाडेसवलतीचा अर्ज

अक्षता पहिल्यांदा प्रसेनजीतशी बोलली ती महापालिकेत, घरफाळ्याच्या रांगेत. खरं तर रांगच चुकली होती तिची. पुढं उभ्या असलेल्या उंच, सावळ्या मुलाला तिनं विचारलं, ‘‘पावणं, भाडेसवलतीचा अर्ज हितंच घेत्यात व्हय? तिकडच्या खिडकीवरला क्लार्क जागेवर न्हाय. गेला असंल मिसळ हाणायला.’’

त्यानं गंभीरपणे मान हलवली. ‘‘न्हाय. आईचा घरफाळा भरायला गेलाय. येईल पाच मिनटांत.’’

पाच मिनिटांनी ती योग्य खिडकीशी पोचली, तर आत तोच बसलेला... आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू. अक्षताचे कान लाल झाले.

ते २००३ साल होतं. तिचे वडील, कृष्णात आण्णा, ज्या गिरणीत तीस वर्षं राबले ती बंद पडून आठ महिने झाले होते. महापालिकेच्या वसाहतीतली दोन खोल्यांची जागा, सहा महिन्यांचं थकलेलं भाडं आणि हातात जागा रिकामी करायची नोटीस. काम सुटलेल्या भाडेकरूंना सवलत मिळते असं तिनं ऐकलं होतं. पण आण्णा सहीच करीनात. आपण हात पसरणारी माणसं नव्हं, एवढंच म्हणायचे.

घराची पाहणी करायला प्रसेनजीत आला, तेव्हा आण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते. तो त्यांच्याशेजारी सतरंजीवर टेकला. पावत्यांची जुनी चवड त्यानं सावकाश चाळली. ‘‘आण्णा, गिरणी चालू हुती तवर, तीस वर्षांत एकदाबी उशीर न्हाय तुमचा. ही सवलत तुमच्यासारख्यासाठीच हाय. हक्काची.’’

आण्णांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग त्यांनी पेन मागितलं.

शेजारच्या तानाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, पाहणीत दिसाय नको, शिलाई मशीन माझ्याकडं आणून ठेव म्हणून. अक्षतानं ते हलवलं नव्हतं. ‘‘लिवा,’’ ती म्हणाली, ‘‘महिन्याला सहाशे मिळत्यात शिवणाचे.’’

‘‘लिवलं तर सवलत निम्मीच मिळंल.’’

‘‘निम्मी तर निम्मी. खोटं सांगून राखलेल्या घरात मला झोप लागायची न्हाय.’’

त्यानं मान वर केली. पेन तसंच हातात राहिलं. क्षणभर, जरा जास्तच वेळ, तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं उगाच ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग त्यानं आकडा लिहिला.

त्यानंतर अक्षता फाईलची चौकशी करायला दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा फाईलपेक्षा इतर गप्पाच जास्त झाल्या. पण तिसऱ्यांदा गेली, तेव्हा तो नजर चुकवत म्हणाला, ‘‘तुमची फाईल आता माझ्याकडं न्हाय. शेजारच्या टेबलावरच्या बाळासोंकडं दिली.’’

ती तशीच वळली आणि जिना उतरू लागली. तो मागोमाग धावत आला.

‘‘अर्धं काम करून सोडलंसा,’’ ती म्हणाली. ‘‘आण्णांनी तुमच्याकडं बघून सही केली हुती.’’

‘‘ऐका तरी. नियम हाय. नात्यातल्या माणसाची फाईल आपण बघायची न्हाय.’’

‘‘आपलं कुठलं आलंय नातं?’’

‘‘अजून न्हाय...’’ तो थांबला. जिन्यावरच्या माणसांना वाट द्यायला तो बाजूला सरकला. ‘‘इचारायचं हाय. पण तुमची फाईल माझ्या टेबलावर असताना इचारलं असतं, तर तुमाला न्हाय म्हणता आलं असतं का?’’

अक्षता कठड्याला धरून उभी राहिली. राग कुठं गेला ते तिला कळलंच नाही. या माणसानं तिला नाही म्हणायची मोकळीक आधी दिली होती, आणि प्रश्न नंतरसाठी ठेवला होता.

‘‘निकाल लागूदे,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘मग इचारा.’’

निकालाला तीन आठवडे लागले. वर्षभर निम्मं भाडं, थकबाकी हप्त्यानं, नोटीस रद्द. आण्णांनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि बऱ्याच दिवसांनी दाढी केली.

त्या रविवारी प्रसेनजीत आईला घेऊन आला. चपला काढता काढता त्यानं अक्षताकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, ‘‘व्हय.’’