नख अडकतंय का

पाण्याचा पंप खोलला आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. पंप इंजिनच्या ब्लॉकवर जिथे बसतो, त्या फेसला, म्हणजे त्या सपाट लोखंडी पृष्ठभागाला, गंजाने तांदळाएवढे खड्डे पाडले होते. खड्ड्यांत भरलेली राखाडी पेस्ट माझीच होती.

ट्रक दादाचा. वडिलांनी दादाला ट्रक दिला आणि मला पान्यांची पेटी. तो राग मी वर्षानुवर्षं पोसला. दोन वर्षांपूर्वी दादा गाडी घेऊन आला, तेव्हा फेस कानशीने घासून सपाट करायचा सोडून मी नुसती पेस्ट चोपडली, गॅस्केट लावली, बोल्ट आवळले. म्हटलं, गेला उडत. महिन्याभरात पाणी गळून इंजिन उतारावरच जाम झालं. बंद इंजिनावर ब्रेक किती धरणार? दादा जागीच गेला. लोक म्हणाले, ब्रेकने घात केला. मीही मान डोलावली. तेव्हापासून ट्रक शेडमध्ये पडून होता; बाकी सगळं दुरुस्त झालं, पंप तेवढा मी शेवटी ठेवला होता.

"उद्यापासून मीच चालवणार," शेडच्या दारातून वहिनी म्हणाल्या. "लायसन हातात आलंय. भाऊजी, नीट करा हं. पोरींना आता मीच एकटी."

"करतोय ना! डोक्यावर उभं राहू नका."

जोड बंद करण्याआधी दादा अंगठ्याचं नख फेसवरून ओढायचा. नख अडकलं, तर काम बाकी. कधीतरी हातोडी बसून ते नख मधोमध चिरलं आणि तसंच वाढलं. त्यामुळे ग्रीसवर त्याच्या दोन रेघा उठायच्या. आम्ही हसायचो.

सकाळभर घासलं. लोखंडाच्या सपाट पाटीला निळा रंग लावून ती फेसवर फिरवली. उंचवटा असेल तिथेच रंग लागतो. इथे सगळीकडे सारखा लागला. फेस सपाट झाला होता. मी हात धुवायला गेलो.

परत आलो तर निळ्या रंगात दोन बारीक रेघा. वरच्या बोल्टाच्या भोकापासून निघालेल्या आणि मध्येच थांबलेल्या.

"वहिनी, हात लावलात?"

"मी? मी इथून हललेसुद्धा नाही."

रेघा थांबल्या होत्या तिथे मी नख फिरवलं. अडकलं. डोळ्याला न दिसणारा खड्डा होता. पुन्हा घासलं, पुन्हा रंग लावला. यावेळी फक्त चिंधी उचलायला वाकलो.

दोन रेघा. आता थोड्या पुढे जाऊन थांबलेल्या.

असं चारदा झालं.

पाचव्यांदा रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेल्या.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. "झालं, दादा," मी पुटपुटलो.

पंप बसवला. पाणी भरून तासभर इंजिन चालवलं. थेंबसुद्धा गळला नाही.

वहिनी स्टिअरिंगवर बसल्या, पण निघेनात. "भाऊजी, तेव्हा नक्की काय झालं होतं हो? हे तर गाडीला किती जपायचे."

मी चिंधीने हात पुसले.

"ब्रेक," मी म्हणालो. "सांगितलं होतं ना तेव्हाच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

घरी येऊन आंघोळीला गेलो. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती, कापडावर डाग नव्हता. शर्ट काढला, बनियन काढलं.

गळ्याच्या हाडापासून छातीवर दोन बारीक निळ्या रेघा उतरल्या होत्या. मधोमध येऊन त्या अडकल्या होत्या.