नाण्यावरची वेस

नागभीडच्या वामनरावांनी चाळीस वर्षांत खोट्या नाण्याला खरं म्हटलं नव्हतं. सासऱ्यानं भर मांडवात दिलेला मोगल रुपयासुद्धा त्यांनी फरशीवर वाजवून ऐकला आणि "कथील आहे" म्हणून जाहीर केलं. सासरा तीन वर्षं बोलला नाही. इतिहासाचे निवृत्त मास्तर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि अंगारे-धुपारे उंबऱ्याबाहेर.

अशा माणसाच्या बैठकीत त्या दुपारी मंगली येऊन बसली. आलापल्लीकडच्या जंगलात वामनरावांची एकुलती एक लेक संघप्रिया वनरक्षक, आणि मंगली तिच्या हाताखाली रोजंदारीनं. अकरा दिवसांपूर्वी संघप्रिया गस्तीला गेली ती परतलीच नव्हती. पोलिसांचं कुत्रं नाल्यापर्यंत जायचं आणि तिथंच पाय पोटाशी घेऊन बसायचं. ठाण्याच्या पत्रकात लिहिलं होतं, 'ओळखीची खूण: डाव्या भुवईवर विळ्याचा व्रण.'

मंगलीनं पदराची गाठ सोडली. आत मातीनं माखलेलं तांब्याचं नाणं.

"बाईच्या टेबलावर होतं. नाल्यात सापडलं म्हने. 'बाबाले दाखवतो' म्हने."

"हे कुठलं ते कळलं, तर पोरगी कुठी गेली तेबी कळंन," वामनराव म्हणाले. यात तर्क नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण हातात दुसरं काही उरलं नव्हतं.

"पाहा भाऊ. पन ओळख नोका देऊ. जंगलात सापडल्या वस्तूले आमी 'ओळखलं' म्हनत नाई. म्हनलं का ते आपलं होते. मंग वापस नाई करता येत."

"मंगली, नाणं हाय ते. वाघ नाई."

मंगली हसली नाही.

सुईनं ओरखडे पडतात, म्हणून वामनराव बाभळीच्या काट्यानं नाणी साफ करत. लहानपणी संघप्रिया मांडीशी बसून बघायची. ओल्या मातीत नाणं दाबून ओरडायची, "बाबा, साच्यात सगळं उलटंच दिसते!"

दोन दिवसांनी नाण्यावर पानांचा मुकुट घातलेला सम्राट निघाला. रोमन. दुसऱ्या बाजूला दोन बुरूज आणि मध्ये वेस. म्हणजे रोमच्या टांकसाळीतलं नव्हे, साम्राज्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या गावानं स्वतः पाडलेलं. अशी गावं आपलीच वेस नाण्यावर कोरत आणि कडेनं ग्रीक अक्षरांत आपलं नाव घालत. वामनरावांनी पुस्तकं पालथी घातली. पुण्यातल्या एका जाणकारांना फोटो पाठवला. उत्तर आलं, 'अशी वेस कुठेच नोंदलेली नाही.'

नाण्याच्या पाकिटावर त्यांनी टीप लिहिली: 'वेस उघडी. आत कोणी नाही.'

तिसऱ्या दिवशी वेशीत कोणीतरी उभं होतं.

मोहरीएवढं. डोक्यावर टोपी, खांद्यावरून वेणी, हातात काठी. वामनरावांनी भिंग पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग पाकिटावरची आपलीच टीप तीनदा वाचली.

"सापडली का जी कुठी?" त्यांच्या बायकोनं, सीताबाईंनी, दारातून विचारलं. त्या रोज असंच विचारत, आणि जेवताना तिसरं ताट मांडत.

कडेच्या अक्षरांवरची माती सुटली. सात अक्षरं. त्या नावाचं गाव कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वामनरावांनी ते मनातल्या मनात वाचलं आणि एक अख्खा दिवस ओठ मिटून काढला. मंगलीचं बोलणं आठवून स्वतःवरच चिडले. दुसऱ्या दिवशी बारा वाजता सीताबाईंनी तिसऱ्या ताटात भात वाढला, कालवला, आणि त्या ताटापुढे नुसत्या बसून राहिल्या.

वामनराव उठले. नाणं तळहातावर घेतलं, आणि ते नाव मोठ्यानं उच्चारलं.

"ओळखलं," ते म्हणाले.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. स्टेशनवर गाडीनं शिट्टी दिली.

त्यांनी भिंग लावलं.

वेस रिकामी होती.

बाहेर फाटकाची कडी वाजली.

"जी! आली! पोरगी आली!" सीताबाई खरकट्या हातानंच धावल्या.

खाकी गणवेश, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, डोक्यावर टोपी. सीताबाई तिला ओढत होत्या, रडत होत्या. ती फाटकाबाहेरच थांबली होती.

"बाबा, ओळखलं ना मले?"

आवाज तिचाच. नाक तिचं, वेणी तिची. वामनरावांनी तिला निरखलं, जन्मभर नाणी निरखली तसं.

काठी डाव्या हातात होती.

व्रण उजव्या भुवईवर होता.

त्यांचा हात फाटकावर गेला. कडी लावता आली असती.

"काऊन बोलून नाई राह्यले जी?" सीताबाई म्हणाल्या. अकरा दिवस आणि वरचे हे पाच, इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसत होत्या.

"ओळखलं," वामनराव म्हणाले. "ये."

ती आत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. अंगाला ओल्या तांब्याचा वास होता. त्यांनी तिला घट्ट धरलं. तिचं काळीज जोरजोरात धडधडत होतं, भरल्या घरात ऐकू जाईल इतकं.

उजव्या बाजूला.