नवसाबाईंची टाकी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे. साल १९८३. नाशिकच्या सिडकोत माझ्या सगुणामावशीचं दोन खोल्यांचं घर.

मावशीचे यजमान निवृत्तीकाका ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते. भंगाराच्या लिलावातून त्यांनी अ‍ॅक्रिलिकचे तुकडे आणले आणि जोडून आईसाठी माशांची टाकी केली.

त्यांची आई नवसाबाई. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. दूरचं सगळं धूसर. पण टाकी बाहेरच्या खोलीत त्यांच्या खाटेला चिकटून होती, तेवढी त्यांना दिसायची. त्यातल्या एका तांबड्या मासोळीकडे त्या दिवसभर बघत राहायच्या.

तेवढंच त्यांचं जग होतं.

काकांचा नियम कडक होता. ही काच नाही, प्लास्टिक आहे. शेवाळ धरलं तर जुन्या मलमलीचा फडका टाकीच्याच पाण्यात भिजवायचा आणि हलक्या हाताने पुसायचं. तळातली वाळू फडक्याखाली येऊ द्यायची नाही. तो फडका वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे.

माझी मावशी मात्र राखेची आणि काथ्याची भक्त. तिच्या पितळेच्या डब्यात बघून कुंकू लावता यायचं.

त्या दिवाळीत टाकी हिरवीगार झाली. काका ओव्हरटाइमला. नवसाबाई सारख्या म्हणायच्या, "सगुणा, पूस ना गं. तांबडी दिसत नाय."

मावशी फराळ आणि भांड्यांत बुडालेली. एका दुपारी सासूचा डोळा लागलेला बघून ती वैतागून उठली. मासे बादलीत काढले आणि हातातला राखेचा काथ्याच टाकीवर चालवला. आतून, बाहेरून, खसाखसा.

शेवाळ गेलं. पण टाकी पांढुरकी झाली ती झालीच. पाणी भरलं तरी मासे नुसते सावल्यांसारखे हलत होते.

नवसाबाई जाग्या झाल्या. बराच वेळ टाकीकडे बघत राहिल्या...

"सगुणा, माझे डोळे गेले गं."

मावशीने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.

ती गप्प राहिली.

काका घरी आले आणि बघताक्षणी समजले. मावशीने हात जोडले, आत्याबाईंना सांगू नका म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. सुट्टीला पॉलिश करून टाकतो, असं ते म्हणाले. पण सुट्टी मिळालीच नाही. नवसाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवण तुटलं. कार्तिक संपायच्या आत त्या गेल्या.

दहाव्याला गोदावरीवर कावळा शिवेना. नातेवाईक एकेक वचन देत होते. शेत विकणार नाही, नातवंडांना काही कमी पडू देणार नाही. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना...

काय बोलायचं ते मावशीला ठाऊक होतं. दीर-जावांसमोर तिचं तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

पुढचं मी स्वतः पाहिलंय. दिवस झाल्यावर मी मावशीच्या सोबतीला राहिले होते. एका दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात गहू निवडत होतो.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

फस्... फस्... फस्...

ओल्या फडक्याचा. अगदी हलका.

मावशीचे हात थांबले. आम्ही उठून गेलो.

आवाज बंद.

खोलीत कुणी नव्हतं. दाराला आतून कडी. खिळ्यावर फडकाही नव्हता...

तो रिकाम्या खाटेवर होता. निथळत होता. पिळलेला नव्हता.

एका हाताने पिळता येत नाही.

टाकीवर, उशीच्या उंचीला, तळहाताएवढा भाग लख्ख झाला होता. त्यावर एक ओरखडा नाही. त्यातून तांबडी स्वच्छ दिसत होती. खाटेकडे तोंड करून ती जागच्या जागी थांबली होती.

संध्याकाळी काकांनी त्यावर बोट फिरवलं. हे एका दुपारचं काम नाही म्हणाले, हाताने महिनाभर घासावं लागतं. मग खाटेवर बसून रडले.

दिवा लावल्यावर मावशी त्या खाटेपुढे उभी राहिली.

"आत्याबाई, तुमचे डोळे गेले नव्हते. टाकी मी खराब केली."

काहीच झालं नाही. तो आवाजही पुन्हा आला नाही. आम्हाला वाटलं, पोचलं त्यांना.

पुढे काकांनी खाट देऊन टाकली, मासे मेल्यावर टाकीही गेली.

१९८९ साली मावशीला पांढुरकं दिसायला लागलं. नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, डोळे स्वच्छ आहेत म्हणाले.

मी भेटायला गेले तेव्हा ती बाहेरच्या खोलीत बसली होती. म्हणाली, "डोळे चांगलेच आहेत गं. समोर धुकं धरलंय. मधे तळहाताएवढं तेवढं साफ दिसतं."

"तिथून काय दिसतं?"

"खाट," ती म्हणाली. "आणि आत्याबाई. अजून भिंतीकडेच तोंड आहे त्यांचं."

तिने बोट दाखवलं तिथे नुसती फरशी होती. तिला धीर द्यायला हवा होता.

मीही गप्प राहिले.