पूर्वेच्या भिंतीतले तीन ठोके

चाळीस वर्षं कीर्तनात टाळ धरलाय मी. गळ्यात तुळशीची माळ आहे. या वयात खोटं लिहून मला काय मिळवायचंय? पुढचं सगळं जानराव मिस्तरीनं माझ्या माळेला हात लावून सांगितलं. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं.

आणि हे भर दुपारचं आहे.

१८ मे २०२३. अमरावतीहून नांदगाव पेठेकडं जाताना एक नवी वस्ती लागते. तिथं उत्तमरावांच्या घराला बाहेरून गिलावा चालू होता.

जानराव मूळचा अकोटकडचा. त्यानं केलेल्या भिंतीला फळी लावा, मधे कागद शिरायचा नाही. बायको मनकर्णा खाली वाळू-सिमेंटचा माल कालवायची. तीस वर्षांची जोडी. माल तयार झाला की ती घमेल्याच्या काठावर थापी आपटायची. तीनदा.

ठण... ठण... ठण.

संध्याकाळी दोघं आमच्या भजनात यायचे. तो खंजिरी धरायचा आणि ती मागून म्हणायची, "वाजवू द्या बाप्पा त्याह्यले. दिवसभर ठोकून हौस फिटत नाई!" सगळी मंडळी हसायची. जानराव सगळ्यात जास्त हसायचा.

उन्हाळ्यात हे काम पहाटे सुरू होतं आणि अकराला थांबतं. त्या दिवशी पाण्याचा टँकर उशिरा आला. पूर्वेची भिंत संपायलाच बारा वाजले. दक्षिणेची एक छोटी भिंत उरली होती. जानरावनं तीही धरली.

भिंत अर्ध्यात आली तेव्हा मनकर्णा बांबूच्या पाडाखाली येऊन उभी राहिली.

"आता राहू द्या ना जी. डोकं गरगरून राह्यलं माह्यं."

"अर्धी भित सोडू का? उद्या मधात जोड दिसन, अन् लोक मले हासतीन. तू जाय, सावलीत बसून कालव."

ती कोपऱ्याआड पूर्वेच्या सावलीत गेली. आता ती त्याला दिसत नव्हती.

थोड्या वेळानं...

ठण. ठण. ठण.

त्याच्या फळीवर माल होता. "हाये माल!" तो ओरडला.

ठण. ठण. ठण.

"अवं, हाये म्हणलं ना! कावून वाजवून राह्यली?"

मग हळू...

ठण...

ठण...

तिसरा ठोका आलाच नाही.

जानरावला बरं वाटलं. शांतपणे हात चालेल म्हणून. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

भिंत झाली. एकही जोड दिसत नव्हता. तो पाडावरून उतरला, कोपरा वळला.

मनकर्णा पूर्वेच्या भिंतीला टेकून बसली होती. ओला गिलावा गार लागतो, म्हणून टेकली असेल. हातात थापी. डोळे उघडे. कातडी इस्त्रीसारखी तापलेली.

तोंडातून शब्द फुटत नव्हता तिच्या. म्हणून ती वाजवत होती.

उत्तमराव गाडी काढायला धावले. जानरावनं तिला उचलून बाजूला निजवलं. भिंतीत तिची पाठ उमटली होती. अंबाडा उमटला होता. एका हाताची पाचही बोटं.

आणि इथं तो चुकला...

ओल्या गिलाव्यात खड्डा दिसला, आणि गवंड्याचा हात आपोआप गेला. त्यानं माल भरला, वरून घोटायचा लाकडी रंधा फिरवला. दोनदा. भिंत साफ झाली.

बायको पायाशी पडली होती.

दवाखान्यात काही उरलं नव्हतं.

तेरवी झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी उत्तमरावांच्या बायकोचा, बेबीताईंचा, फोन आला. "मिस्तरी, आता बोलावं की नाई समजत नाई... पण पूर्वेची भित एका जागी पोकळ वाजते जी."

जानराव गेला. थापीच्या मुठीनं भिंत वाजवत वाजवत सरकला.

टच्च. टच्च. टच्च.

ढब.

बसलेल्या बाईच्या पाठीएवढी जागा.

त्यानं छिन्नी लावली. खपली एकसंध निघून हातात आली. मागची वीट ओलीचिंब होती. बर्फासारखी गार. भिंतीवर पाणी मारणं बंद होऊन नऊ दिवस झाले होते...

त्यानं खपली उलटी केली.

आतल्या बाजूला पाठ होती. अंबाडा. पाच बोटं.

वरून पुसलेलं आतून उमटलं होतं.

बेबीताई चहा घेऊन आल्या होत्या. कप तिथंच पडला. "हे काय जी, मिस्तरी?"

"ओल हाये, ताई. ओल."

त्यानं ती खपली फोडून चुरा केली. जागा पुन्हा भरली, घोटली. आणि तेवढ्यात दक्षिणेच्या कोपऱ्याआडून...

ठण.

"आलो! आलो, मनकर्णे!"

ठण...

तो धावला. कोपरा वळला.

कोणी नव्हतं. घमेलं पालथं पडलं होतं. त्याचा काठ अजून थरथरत होता.

ती जागा त्यानं चारदा फोडली, चारदा भरली. चारही वेळा पोकळ. मग अकोटला बहिणीच्या घराचं काम घेतलं. तिथंही पूर्वेलाच. तेवढ्याच उंचीवर. ढब.

त्यानंतर त्यानं थापी धरली नाही. खंजिरीही सोडली. कातड्यावर बोट पडलं की त्याला तोच पोकळ आवाज यायचा.

मी त्याला आमच्या कीर्तनकार बुवांकडं नेलं. कसंही दुःख असो, बुवांकडं एखादा दृष्टांत असतोच. माझी श्रद्धा आहे त्यांच्यावर. त्यांनी सगळं ऐकलं. वीणेची खुंटी पिळली. मग म्हणाले, "जेवून जा, जानराव."



आता माझ्या घराचं सांगतो. माझी पूर्वेची भिंत २०१६ ला याच दोघांनी केली. सात-आठ वर्षांत एक चीर नाही. पण मागच्या चैत्रात, दुपारी सहज, मी तिच्यावर बोटं वाजवली...

ढब.

जानरावला मी सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात तो दारात उभा. तेव्हापासून रोज येतो. पाणीसुद्धा मागत नाही. त्याच जागेला पाठ लावून बसतो आणि कोपऱ्याकडं कान देतो.

परवा मीही शेजारी बसलो होतो.

ठण...

मी ऐकलं. या कानांनी ऐकलं. जानराव हात टेकून उठला.

"आलो वं... थांब, आलो."

ठण...

तो कोपऱ्यापर्यंत पोचला. मी तिसऱ्या ठोक्याची वाट पाहत होतो.

मनकर्णा गेली त्या दुपारी तो आला नव्हता.

परवाही नाही.